हार पचवणारी योजना: फोर्ब्सची १७५८ची मोहीम

पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकाला अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या एकत्र येऊन ओहायो नदी होते. आज तिथे पिट्सबर्ग शहर आहे. उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांशी लढत होते त्या काळात, १७५४ पासून, त्या संगमावर फ्रेंचांचा ड्युकेन किल्ला उभा होता. लाकडामातीचा, बेताच्या आकाराचा हा किल्ला जड तोफांपुढे टिकण्यासारखा नव्हता. त्याचं खरं संरक्षण त्याच्या पूर्वेला होतं. एकामागून एक डोंगररांगा, घनदाट जंगल, गाडीरस्ता नाही, आणि शेवटच्या शेतवाडीपासून किल्ल्यापर्यंत दाण्यागोट्याची कसलीही सोय नाही.

इंग्रजांनी तो घ्यायचा मोठा प्रयत्न दोनदा केला. १७५५ मध्ये जनरल एडवर्ड ब्रॅडॉकची फौज किल्ल्यापासून काही कोसांवर उद्ध्वस्त झाली. १७५८ मध्ये ब्रिगेडियर जनरल जॉन फोर्ब्सच्या फौजेने किल्ल्यावर एकही तोफ न डागता तो मिळवला. ब्रॅडॉकला जंगलातली लढाई कळत नव्हती आणि फोर्ब्सला कळत होती, असा याचा खुलासा नेहमी केला जातो. तो अपुरा आहे. फोर्ब्सच्या फौजेचाही जंगलात पराभव झाला, तोही किल्ल्याच्या नजरेच्या टप्प्यात, आणि त्यात तीनशेच्या आसपास माणसं गेली. पण १७५५ मध्ये एका लढाईने सगळी मोहीम कोसळली, तर १७५८ मध्ये पराभवाच्या दुसऱ्या दिवशीही रस्त्याचं काम चालू राहिलं. हा फरक आराखड्यात आधीच बांधलेला होता, आणि आजच्या लष्करी नियोजनाच्या दृष्टीने अभ्यासायचा तो हाच.

१७५५: मागे काहीच नव्हतं

ब्रॅडॉकला अडाणी ठरवून हे प्रकरण समजत नाही. तो शिस्तीचा, अनुभवी अधिकारी होता आणि जंगलात शिरताना बाजूंना टेहळणीच्या तुकड्या ठेवत होता. सुमारे २,२०० माणसं घेऊन तो मेरीलँडमधल्या फोर्ट कंबरलँड या इंग्रज ठाण्याहून निघाला. अंतर १८० किलोमीटरच्या आसपास होतं. पुढे तीनशे कुऱ्हाडवाले बारा फूट रुंद रस्ता तोडत चालले होते आणि मागून तोफा व गाड्या येत होत्या.

पहिली अडचण वाहतुकीची. गाड्याच मिळत नव्हत्या. शेवटी बेंजामिन फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांसाठी जाहिरात काढली. चार घोडे आणि हाक्या यांसह गाडीला दिवसाला १५ शिलिंग, आणि खोगिरासह ओझ्याच्या घोड्याला २ शिलिंग. दोन आठवड्यांत १५० गाड्या आणि २५९ ओझ्याचे घोडे उभे राहिले. तरीही डोंगरात चाल इतकी मंदावली की लिटल मेडोज इथे ब्रॅडॉकने फौजेचे दोन भाग केले. निवडक तेराशेच्या आसपास माणसं हलक्या सामानानिशी पुढे निघाली आणि कर्नल डनबार जड सामान घेऊन मागे राहिला. दमदार घोडे पुढच्या तुकडीला दिल्यामुळे डनबारच्या वाट्याला मरतुकडी जनावरं आली आणि दोघांतलं अंतर रोज वाढत गेलं.

९ जुलै १७५५ ला मोनोंगाहेला ओलांडल्यावर आघाडीची गाठ सुमारे नऊशे फ्रेंच, कॅनेडियन आणि मूळनिवासी लढवय्यांशी पडली. काही तासांत इंग्रजांचे सुमारे नऊशे लोक ठार वा जखमी झाले. ब्रॅडॉक जखमी होऊन चार दिवसांनी वारला.

इथवरची हकीकत सर्वांना माहीत असते. नियोजकाने पाहायचं ते यानंतरचं. डनबारकडे अजून नऊशेच्या आसपास ताजी माणसं होती. दारूगोळा होता, तोफा होत्या, आणि शत्रू पाठलागावर आलेला नव्हता. पण त्याच्या आणि फोर्ट कंबरलँडच्या मध्ये एकही मेढेकोट नव्हता, कुठे साठवलेलं धान्य नव्हतं, जखमींना ठेवायला जागा नव्हती. त्याने गाड्या जाळल्या, दारूगोळा नष्ट केला आणि फौज थेट फिलाडेल्फियाला नेली. तोडलेला रस्ता मोकळा पडला आणि पुढची तीन वर्षं सरहद्दीवरच्या वस्त्यांवर छापे पडत राहिले.

मराठी वाचकाला इथे १७७९ चं वडगाव आठवेल. मुंबईहून निघालेली सुमारे ३,९०० सैनिकांची इंग्रज फौज १९,००० बैलांचा लवाजमा घेऊन बोरघाट चढली. मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड करून तळेगाव जाळलं, तेव्हा तिला पुढे खायला नव्हतं आणि मागे सुखरूप जाता येत नव्हतं. जानेवारीत तह करून ती सुटली. भूगोल वेगळा असला तरी रचनेतला दोष तोच: सगळी रसद फौजेसोबत, आणि पाठीमागे पाय टेकवायला जागा नाही.

रस्त्याचा वाद

फोर्ब्स एप्रिल १७५८ मध्ये फिलाडेल्फियाला पोचला. मूळचा स्कॉटिश, तरुणपणी वैद्यकीचं शिक्षण घेतलेला, आणि युरोपातल्या युद्धात क्वार्टरमास्टरचं, म्हणजे रसद आणि मुक्काम यांची व्यवस्था पाहण्याचं, काम केलेला. आमच्या मते त्याच्या नेमणुकीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती. त्याचा दुय्यम अधिकारी कर्नल हेन्री बुके मूळचा स्विस. फौज सहा ते सात हजारांची, पण एकजिनसी नव्हती. माँटगोमेरीची स्कॉटिश हायलँडर पलटण, रॉयल अमेरिकन पलटणीच्या चार कंपन्या, आणि बाकी पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना या वसाहतींची शिबंदी. प्रत्येक वसाहतीची भरतीची मुदत वेगळी, पगार वेगळा आणि विधिमंडळ वेगळं.

पहिला वाद रस्त्यावरून झाला. व्हर्जिनियाच्या पलटणीचा कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन, वय २६, १७५५ मध्ये ब्रॅडॉकसोबत होता. ब्रॅडॉकचा रस्ता तयार आहे, डागडुजी करून तोच वापरा, ऑगस्टमध्ये नवा रस्ता काढायला घेतलात तर हंगाम हातचा जाईल, असं त्याचं म्हणणं. फोर्ब्स आणि बुके यांचा कल कार्लाइलहून रेजटाउनमार्गे, म्हणजे आजच्या बेडफर्डमार्गे, सरळ पश्चिमेला नवा रस्ता काढण्याकडे होता. या रस्त्यावर डोंगर जास्त होते, पण मोठी नदी ओलांडायची नव्हती. ब्रॅडॉकच्या रस्त्यावर यॉकिओगेनी आणि मोनोंगाहेला पार कराव्या लागत, आणि पावसात नदी फुगली की फौज अलीकडे आणि रसद पलीकडे अशी अवस्था. शिवाय गहू, गाड्या आणि घोडे पेनसिल्व्हेनियाच्या शेतवाड्यांतून यायचे होते, आणि ते नव्या रस्त्याला जवळ होते.

या वादात दोन्ही वसाहतींचे स्वार्थ गुंतले होते, कारण युद्धानंतर ओहायोचा व्यापार ज्याच्या हद्दीतून रस्ता जाईल त्याचाच होणार होता. फोर्ब्सला याची जाणीव होती आणि वॉशिंग्टनच्या आग्रहाने तो चिडलाही. पण वॉशिंग्टनची काळाविषयीची भीती खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोहीम खरोखरच थांबवायचं ठरलं होतं. म्हणून ‘फोर्ब्स बरोबर, वॉशिंग्टन चूक’ असं शिकवणं आम्हाला पटत नाही. एका रस्त्यावर वेळेचा धोका होता, दुसऱ्यावर तुटण्याचा. फोर्ब्सने वेळेचा धोका पत्करला, कारण तो हळूहळू वाढतो आणि दिसत राहतो. नदीला आलेला पूर आगाऊ सूचना देत नाही.

नाकारलेला रस्ताही त्याने वाया घालवला नाही. ब्रॅडॉकच्या रस्त्यावर व्हर्जिनियाच्या माणसांकडून थोडं काम चालू ठेवलं, म्हणजे खरा हल्ला कुठून येणार याचा फ्रेंचांना अंदाज लागू नये.

ठाण्यांची साखळी आणि गाडीचा हिशेब

फोर्ब्सची पद्धत एका समकालीन फ्रेंच लष्करी ग्रंथातून घेतलेली होती. एकदम लक्ष्यावर न धावता टप्प्याटप्प्याने जायचं. प्रत्येक टप्प्यावर तटबंदीचं ठाणं उभारायचं, त्यात धान्य, चंदी, दारूगोळा, लोहारकाम आणि इस्पितळ यांची सोय करायची, आणि ते भरल्याशिवाय पुढचा टप्पा घ्यायचा नाही. कार्लाइल, शिपेन्सबर्ग, फोर्ट लाउडन, फोर्ट लिटलटन, जुनिआटा नदीचा उतार, रेजटाउन, आणि शेवटी लॉयलहॅना नाल्याकाठी लिगोनियर. कार्लाइल ते ड्युकेन सुमारे ३२० किलोमीटर. लिगोनियर ते ड्युकेन सुमारे ८०.

हे इतकं संथ का असावं लागतं, ते गाडीचा हिशेब मांडल्यावर कळतं. पुढचा हिशेब त्या काळच्या शिध्यावरून आणि साध्या गृहीतांवरून आम्ही मांडला आहे; नियोजनाचा कोणताही विद्यार्थी तो कागदावर करून पाहू शकतो.

शिपायाचा आठवड्याचा शिधा ७ पौंड पीठ आणि ४ पौंड खारवलेलं डुकराचं मांस, त्याखेरीज वाटाणे, तांदूळ, लोणी. फक्त पीठ आणि मांस धरलं तरी माणशी रोज सुमारे ७०० ग्रॅम. ६,००० माणसांना रोज ४,२०० किलो. चार घोड्यांची गाडी ९०० किलो नेते असं धरलं, तर रोज जवळपास पाच गाड्या फौजेपाशी रिकाम्या व्हायला हव्यात. कार्लाइल ते लिगोनियर २४० किलोमीटर. डोंगरात गाडी दिवसाला १६ किलोमीटर चालते असं धरू. जायला १५ दिवस, यायला १५. एक गाडी महिन्यातून एकदाच माल पोचवते, म्हणजे एकही चाक न मोडता सततच्या फेऱ्यांत १५० गाड्या लागतात. ब्रॅडॉकसाठी जिवाचा आटापिटा करून मिळाल्या होत्या तेवढ्या.

आता घोडे. घोड्याला रोज ४ किलो चंदी धरली तर चार घोड्यांना तीस दिवसांत ४८० किलो. म्हणजे गाडीतला निम्म्याहून जास्त माल गाडी ओढणारी जनावरंच खातात, फौजेला ४२० किलो पोचतात, आणि गाड्यांची गरज दुपटीवर जाते. उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत थोडा भार उचलतं, पण पहिल्या शंभर गाड्या गेल्या की कडेचं गवत संपलेलं असतं आणि ऑक्टोबरमध्ये ते वाळतं.

ठाणी हा हिशेब कुठे बदलतात? वाटेत चंदी साठवलेली असेल तर पुढच्या टप्प्याच्या गाडीला महिन्याचं ओझं वाहावं लागत नाही. थकलेली जनावरं मागे ठेवता येतात. चाक मोडलं तर लोहार दोन दिवसांवर आहे, दोन आठवड्यांवर नाही. गुरं पायी हाकत नेऊन ठाण्यापाशी कापली की मांसाचं वजन गाडीवरून उतरतं. आणि पाऊस पडून आठ दिवस रस्ता बंद झाला तरी पुढची माणसं उपाशी राहत नाहीत. आजच्या रसदनियोजनात फेरीचा काळ, मधले तळ आणि राखीव दिवस असे तीन वेगळे रकाने असतात. अननुभवी नियोजक फक्त एकूण टनांचा रकाना भरतो आणि फेरीचा काळ विसरतो. चूक इथेच होते.

रस्त्याच्या कामातही हेच. बारा फूट रुंदीत झाडं पाडायची, पण बुंधे जमिनीलगत कापले नाहीत तर गाडीचा आस त्यांवर आदळून मोडतो. दलदलीत ओंडके आडवे अंथरावे लागतात. डोंगराच्या उतारावर चाक साखळीने अडवून किंवा मागे झाड बांधून गाडी उतरवायची, नाहीतर ती घोड्यांच्या अंगावर जाते. अ‍ॅलेघेनीचा चढ आणि पुढची लॉरेल टेकड्यांची रांग यांनी सर्वांत जास्त दिवस खाल्ले. आणि नवा रस्ता एकदा काढून संपत नाही. शेकडो गाड्या गेल्यावर मऊ माती चाकोऱ्यांत खचते, म्हणून माणसं पुढे रस्ता काढायला आणि मागे तो राखायला, दोन्हीकडे लागतात. दुसरा आकडा आराखड्यात नसेल तर तोडलेला रस्ता महिन्याभरात निरुपयोगी होतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पुढची फळी लॉयलहॅनाला पोचली. तिथे सुमारे ६० मीटर लांबीरुंदीचा, चार बुरुजांचा कोट आणि त्याबाहेर सगळ्या छावणीला वेढणारी मातीची आडभिंत उभी राहू लागली.

१४ सप्टेंबर

किल्ल्यापासून ८० किलोमीटरवर येऊन धीर धरणं कठीण असतं. मेजर जेम्स ग्रँटने बुकेकडून परवानगी मिळवली आणि तो सुमारे आठशे माणसं घेऊन निघाला. फोर्ब्स तेव्हा आजारी होता आणि मागे होता. त्याची संमती घेतली गेली नव्हती. हेतू टेहळणीचा, कैदी पकडण्याचा, आणि जमल्यास किल्ल्याबाहेर तळ देऊन असलेल्या मूळनिवाशांवर रात्री छापा घालण्याचा.

रात्रीचा छापा अंधारात आणि धुक्यात फसला. तिथून परतायला हवं होतं. सकाळी ग्रँटने आपल्या तुकडीचे चार-पाच भाग केले. मेजर अँड्र्यू लुईसला काही मैल मागे सामानापाशी ठेवलं, एक तुकडी एका बाजूला, शंभर हायलँडर किल्ल्याच्या दिशेने, आणि शत्रूने बाहेर येऊन सापळ्यात सापडावं म्हणून मुद्दाम नगारे वाजवले. शत्रू आला, पण सापळ्यात मावणार नाही एवढ्या संख्येने आला आणि झाडांच्या आडोशाने चोहीकडून भिडला. गोळीबार ऐकून लुईस मदतीला धावला, पण तो एका वाटेने पुढे गेला आणि ग्रँटची माणसं दुसऱ्या वाटेने मागे हटली. दोघांची चुकामूक झाली आणि दोघेही पकडले गेले. सामानापाशी राहिलेल्या कॅप्टन थॉमस बुलिटच्या पन्नासेक व्हर्जिनियनांनी पाठलाग रोखला म्हणून बाकीचे सुटले.

तुकड्या एकमेकींना आधार देऊ शकणार नाहीत इतक्या दूर पसरल्या, आपसात संपर्काचं साधन नव्हतं, आणि टेहळणीचं काम मधेच हल्ल्याचं झालं. हे तीन दोष आजच्या कंपनी पातळीच्या सरावातही सापडतात.

पण वाचलेले लोक दोन-तीन दिवसांच्या चालीवर असलेल्या लिगोनियरला पोचले. तिथे तट होता, पीठ होतं, दोन हजारांच्या आसपास ताजे सहकारी होते. १२ ऑक्टोबरला सुमारे सहाशे फ्रेंच आणि मूळनिवासी लिगोनियरवरच चालून आले, तेव्हा कर्नल जेम्स बर्डने तटाआडून आणि तोफांच्या बळावर तो हल्ला परतवला. सुमारे साठ माणसांचं नुकसान झालं. त्याहून लागलेली गोष्ट म्हणजे बाहेर चरणारे घोडे शत्रूने हाकून नेले. फ्रेंचांनी नेमकं मर्म ओळखलं होतं. तट फोडता आला नाही, तर रसद ओढणारी जनावरं पळवायची. रणगाड्यांपेक्षा डिझेलच्या टँकरवर नेम धरणाऱ्या आजच्या शत्रूचा हिशेब वेगळा नसतो.

दुसरी आघाडी: करार आणि तुटलेली रसद

फोर्ब्सला पक्कं ठाऊक होतं की ड्युकेनचा खरा कोट म्हणजे ओहायो खोऱ्यातल्या डेलावेअर आणि शॉनी जमाती. त्या फ्रेंचांच्या बाजूने असेपर्यंत रस्त्यावरची प्रत्येक गाडी धोक्यात होती. म्हणून त्याने वाटाघाटींचा सतत पाठपुरावा केला. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला आणि शांततावादी क्वेकर पुढाऱ्यांना गाठून त्याने बोलणी पुढे रेटली. ख्रिश्चन फ्रेडरिक पोस्ट हा मोराव्हियन मिशनरी डेलावेअर सोबत्यांसह ओहायोत गेला आणि ऑगस्टमध्ये ड्युकेन किल्ल्यासमोर, नदीपलीकडच्या काठावर, जमातींच्या सभेत बोलला. फ्रेंच अधिकारी सभेत हजर होते आणि त्याला ताब्यात द्यावं अशी त्यांची मागणी होती. जमातींनी ती मानली नाही. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन इथे पाचशेहून अधिक मूळनिवाशांच्या उपस्थितीत तह झाला. अ‍ॅलेघेनीच्या पश्चिमेची १७५४ मध्ये घेतलेली जमीन परत देण्याचं पेनसिल्व्हेनियाने कबूल केलं, आणि ती बातमी घेऊन पोस्ट पुन्हा ओहायोकडे निघाला.

त्याआधी २७ ऑगस्टला शेकडो किलोमीटर उत्तरेला, ओंटारिओ सरोवराकाठी, जॉन ब्रॅडस्ट्रीट या इंग्रज अधिकाऱ्याने फ्रेंचांचा फ्रंटेनॅक किल्ला घेतला होता. ड्युकेनला जाणारा माल तिथूनच नायगारा, प्रेस्क आयल, व्हेनँगो अशा वाटेने उतरत असे. तिथली कोठारं आणि जहाजं गेल्यावर किल्लेदार लिन्येरीकडे जमातींना द्यायला माल उरला नाही आणि शिबंदीला पुरेल असं अन्नही. त्याने इलिनॉय आणि डेट्रॉइटची माणसं परत पाठवली. लढवय्ये हिवाळी शिकारीला घरी गेले.

म्हणजे ड्युकेन तीन दोरांनी आवळला गेला: पूर्वेकडून रस्ता, उत्तरेकडून तुटलेली रसद, आणि आतून सुटलेले मित्र. यांतला एकच दोर फोर्ब्सच्या थेट हुकमतीत होता. बाकी दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे आणि नागरी संस्थांकडे होते, आणि त्यांच्यासाठी थांबण्याची तयारी हाही आराखड्याचाच भाग होता. संथ चालीचा इथे फायदा झाला. फोर्ब्स जुलैतच किल्ल्यासमोर पोचला असता तर यांतलं काहीच घडलेलं नसतं.

याच बाबतीतलं अपयशही तितकंच ठळक आहे. वसंतात सहाशेहून अधिक चेरोकी लढवय्ये इंग्रजांच्या मदतीला आले होते. तोफा आणि भेटवस्तूंची जहाजं उशिरा आली, फौज जमलेलीच नव्हती, आणि कंटाळून बहुतेक चेरोकी उन्हाळ्यात घरी गेले. परतीच्या वाटेवर व्हर्जिनियाच्या सरहद्दवासीयांनी त्यांपैकी काहींना मारलं. त्यातून वैर वाढत १७५९ ते १७६१ चं चेरोकी युद्ध उभं राहिलं. फोर्ब्स त्यांना भाडोत्री समजून वागला. मित्रांचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यांची ये-जा आपल्या गाड्यांइतकीच काटेकोर आखावी लागते, हे त्याला कळलं नाही.

नोव्हेंबर

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने रस्त्याचा चिखल केला. फोर्ब्स दुखण्याने इतका खंगला होता की दोन घोड्यांच्या मध्ये बांधलेल्या डोलीतून त्याला नेत. २ नोव्हेंबरला तो लिगोनियरला पोचला. ११ नोव्हेंबरच्या युद्धमंडळाने यंदा पुढे न जाण्याचं ठरवलं. कपडे नाहीत, रसद अपुरी, आणि वसाहतींच्या बऱ्याच शिबंदीची मुदत महिनाअखेर संपत होती.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी एका फ्रेंच टोळीशी चकमक झाली. अंधारात वॉशिंग्टनच्या आणि व्हर्जिनियाच्याच जॉर्ज मर्सरच्या तुकड्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या आणि डझनाहून अधिक माणसं आपल्याच गोळीने मेली. पण त्या चकमकीत कैदी मिळाले आणि त्यांच्याकडून कळलं की ड्युकेन जवळजवळ रिकामा आहे.

फोर्ब्सने निर्णय फिरवला. २,५०० निवडक माणसं, तंबू नाहीत, जड सामान नाही, सोबत हलक्या तोफा. वरवर पाहता ही ब्रॅडॉकने लिटल मेडोजला केली तीच गोष्ट. फरक इतकाच की या हलक्या फौजेच्या मागे भरलेला लिगोनियर होता, पुढचा रस्ता रोज तोडला जात होता, आणि शत्रूचं बळ कैद्यांच्या जबानीतून कळलेलं होतं. २४ नोव्हेंबरला किल्ल्याकडून स्फोटाचा आवाज आला. लिन्येरीने किल्ला पेटवून माघार घेतली होती. २५ तारखेला इंग्रज राखेत पोचले.

तिथे हिवाळ्यासाठी पेनसिल्व्हेनियाच्या ह्यू मर्सरच्या हाताखाली सुमारे दोनशेच माणसं ठेवता आली. त्याहून अधिकांना पोसता येत नव्हतं. विजयानंतरही ठाण्याचा आकार गाडीच्या हिशेबानेच ठरला. फोर्ब्स ११ मार्च १७५९ ला फिलाडेल्फियात वारला.

आजच्या नियोजनात हे कुठे लागू पडतं, कुठे नाही

१९६२ च्या चीनयुद्धातली नामका चू नदीकाठची लढाई आठवा. गाडीरस्ता तवांगपाशी संपलेला, पुढे पायवाट, आणि भारताच्या ७ ब्रिगेडची भिस्त त्सांगधर या जागी विमानातून टाकलेल्या मालावर. त्यातला बराचसा दऱ्याखोऱ्यांत हरवत होता. २० ऑक्टोबरला हल्ला झाला तेव्हा मागे हटून थांबायला भरलेलं ठाणं नव्हतं. किंवा मार्च २०२२ मधला कीव्हच्या उत्तरेला अडकलेला सुमारे ६४ किलोमीटरचा रशियन ताफा घ्या. दोन्हीकडे लक्ष्यापर्यंतचं अंतर मोजलं होतं, अपयश आल्यावर थांबायची जागा मोजली नव्हती. उलट झोजिला खिंड बर्फाने बंद होण्याआधी लडाखमध्ये दरवर्षी हिवाळ्याचा साठा भरण्याची भारतीय लष्कराची पद्धत फोर्ब्सच्या हिशेबाशी थेट जुळते: बंद होणारा रस्ता, ठरलेली तारीख, आणि त्याआधी भरायचे टन.

एक गोष्ट मात्र आंधळेपणाने उचलू नये. फोर्ब्सची ठाणी मोठी, एका जागी आणि उघड होती. ड्रोन आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या काळात सगळा साठा एका कोटात ठेवणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं. साखळीचं तत्त्व टिकतं, पण प्रत्येक कडी चार-पाच विखुरलेल्या, लपवलेल्या साठ्यांत फोडावी लागते आणि त्यासाठी पहारा, वाहनं आणि हिशेबनीस जास्त लागतात. विखुरलेपणाची ही किंमत कागदावर न धरता ‘विखुरलेली रसद’ लिहून टाकणं आज सर्रास दिसतं.

दुसरी मर्यादा शेवटाची. फोर्ब्सच्या आराखड्यात किल्ला मिळाल्यानंतरचं पान कोरं होतं. ईस्टनच्या तहाचा अर्थ ओहायोच्या जमातींनी इंग्रज फौज परत जाईल असा घेतला. त्याऐवजी १७५९ पासून त्याच संगमावर कितीतरी मोठा फोर्ट पिट बांधला गेला. १७६३ मध्ये त्याच जमातींनी त्याला वेढा घातला. पाचशेच्या आत माणसं घेऊन बुकेला त्याच रस्त्याने सोडवणुकीला जावं लागलं, आणि ५ व ६ ऑगस्टला बुशी रन इथे जखमींभोवती पिठाच्या पोत्यांची भिंत रचून लढावं लागलं. त्या वेढ्याच्या काळातही बेडफर्ड आणि लिगोनियर ही ठाणी टिकून होती, म्हणून तो पोचू शकला.

या प्रकरणावर सराव घ्यायचा असेल तर विद्यार्थ्यांना नावं पुसलेला नकाशा द्यावा आणि तारीख १ ऑगस्ट १७५८ धरावी. दोन रस्ते, गाड्यांची संख्या, शिबंदीच्या मुदती आणि पावसाचा अंदाज एवढीच माहिती हाती द्यावी. फ्रंटेनॅक पडणार आहे हे सांगू नये. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून फेरीच्या काळासकट रसदेचा तक्ता मागावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आघाडीची आठशेची तुकडी मोडली, तीनशे गेले’ एवढा एकच निरोप द्यावा आणि त्याच तक्त्यावर पुढचे तीस दिवस चालवून दाखवायला सांगावं. बहुतेक आराखडे याच पायरीवर अडतात, आणि ते का अडले यावर उरलेला दिवस खर्च करावा.